स्तनाचा कॅन्सर : रिपोर्ट हाती आल्यानंतरचे पंधरा दिवस

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने कर्करोग उपचारांचे सर्वसमावेशक धोरण मंजूर केले. ‘महाकेअर फाउंडेशन’ ही कंपनी आणि राज्यातील १८ रुग्णालयांचे तीन स्तरांचे जाळे, असे त्याचे स्वरूप आहे. सर्वांत वर मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, मधल्या स्तरावर नागपूर, अमरावती यांसारखी केंद्रे आणि तिसऱ्या स्तराच्या यादीत यवतमाळचे नाव आहे. त्याआधी १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील तीन वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रे आणि त्यातली २०० पहिल्याच वर्षी, अशी घोषणा झाली होती.

आपल्या जिल्ह्यासाठी दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. पण केंद्र उभे राहील तेव्हा राहील. आज ज्या बाईच्या हातात स्तनाच्या कॅन्सरचा रिपोर्ट पडला आहे, तिने उद्या सकाळपासून काय करायचे, हा प्रश्न आजचा आहे. शासकीय रुग्णालयात इतकी वर्षे काम करताना दिसते ते असे, की उपचार दोन जागी हातातून निसटतात. एक, रिपोर्ट आणि पहिली सलाईन यांच्या मधल्या काळात. दुसरी जागा म्हणजे दोन-तीन केमो झाल्यावर, घरातले पैसे, माणूसबळ आणि धीर एकाच वेळी संपतात तेव्हा. या दोन्ही ठिकाणची गळती सुरुवातीच्या पंधरा दिवसांत नीट तयारी केली तर बऱ्याच अंशी टळते.

आकडे काय सांगतात

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार जणी दगावल्या. भारतीय महिलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर हाच आहे. हा आजार लवकर सापडला आणि उपचार पूर्ण झाले तर बरा होणाऱ्या कॅन्सरपैकी आहे, म्हणूनच मृत्यूंचा हा आकडा टोचतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, ३० ते ४९ वयाच्या शंभर भारतीय महिलांपैकी एकीनेही धड स्तनाची तपासणी करून घेतल्याचे आढळले नाही, प्रमाण ०.९ टक्के होते. त्यामुळे आपल्याकडे गाठ सापडते ती आंघोळीच्या वेळी हाताला लागल्यावर, आणि रुग्ण दवाखान्यात येते ती बहुधा त्यानंतर काही महिन्यांनी.

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी तीन उद्दिष्टे ठरवली आहेत. किमान ६० टक्के रुग्णांचे निदान पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात व्हावे, दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान पक्के व्हावे आणि किमान ८० टक्के रुग्णांनी ठरलेले उपचार पूर्ण करावेत. यातला तिसरा आकडा आपल्याकडे सर्वांत कमी बोलला जातो. तयारी करायची ती त्याच्यासाठी.

घाई आणि उशीर यांतला फरक

रिपोर्ट आला की घरात दोन टोकांच्या प्रतिक्रिया येतात. काही जण त्याच रात्री गाडी करून जमेल त्या दवाखान्यात ऑपरेशनला नेतात. काही जण म्हणतात, ‘एवढा कापूस घरात येऊ द्या डॉक्टर, मंग पाहू.’ दोन्ही चुकीचे आहे.

स्तनाचा कॅन्सर एका रात्रीत वाढत नाही. गाठ तयार होऊन हाताला लागेपर्यंत बहुधा बराच काळ गेलेला असतो. म्हणून तपासण्या पूर्ण करायला, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला आणि घरची व्यवस्था लावायला दोन-तीन आठवडे घेतले तर नुकसान होत नाही. पण महिने गेले तर होते. २०२० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून केलेले विश्लेषण प्रसिद्ध झाले. स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन जितके लांबते, तितका दर चार आठवड्यांमागे मृत्यूचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. दिवाळीला ठरलेले ऑपरेशन संक्रांतीवर ढकलले, तर त्याची किंमत किती, हे यावरून समजते.

थोडक्यात, रिपोर्टनंतर दोन ते चार आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत आणि मधले दिवस कामाने भरलेले असावेत.

आधी तुकडा, मग ऑपरेशन

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही समजूत आपल्या भागात घट्ट रुजलेली आहे. ती खरी नाही. उलट सुई न लावता केलेल्या ऑपरेशनने जास्त नुकसान होते. तालुक्याच्या ठिकाणी ‘साधी गाठ आहे, काढून टाकू’ म्हणून गाठ काढली जाते, कधी ती तपासणीलाही पाठवली जात नाही. काही महिन्यांनी गाठ परत येते, तेव्हा मूळ आजार किती होता, कडा मोकळ्या होत्या का, काहीच कळत नाही.

योग्य क्रम असा आहे : डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि जाड सुईने तुकडा घेऊन केलेली कोअर बायोप्सी. त्या तुकड्यावर कॅन्सर आहे की नाही एवढेच पाहून थांबायचे नसते. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर आहेत का आणि ‘हर-टू’ हे प्रथिन जास्त आहे का, या तीन गोष्टी तपासाव्याच लागतात. केमो आधी द्यायचा की ऑपरेशन, वर्षभराचे इंजेक्शन लागेल का, पाच ते दहा वर्षांची गोळी लागेल का, हे सगळे त्यावर ठरते. रिपोर्टमध्ये हे तीन निकाल नसतील तर डॉक्टरांना तसे विचारा. तपासलेल्या तुकड्याचा मेणातला ठोकळा आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेतून मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढच्या रुग्णालयात त्या मागितल्या जातात. नसतील तर पुन्हा सुई, पुन्हा खर्च, पुन्हा पंधरा दिवस.

पेट स्कॅन प्रत्येकीला लागत नाही. आजार सुरुवातीचा असेल आणि दुसरी काही तक्रार नसेल, तर तो न केल्याने काही बिघडत नाही. आणि स्तन काढावाच लागेल असेही नाही. इटली आणि अमेरिकेत सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या चाचण्यांचे वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निकाल २००२ मध्ये आले. फक्त गाठ काढून नंतर रेडिओथेरपी घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. मात्र रेडिओथेरपी लांब आहे म्हणून स्तन काढून टाकायचा, असा निर्णय अनेक घरांत होतो. तो निर्णय त्या बाईचा असावा आणि माहिती घेऊन झालेला असावा. काखेतल्या गाठींपर्यंत आजार गेला असेल तर स्तन काढल्यावरही रेडिओथेरपी लागू शकते, हेही आधी माहीत असावे.

शरीराची तयारी

राज्यातील निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे, असे त्याच सर्वेक्षणाने सांगितले. त्यामुळे हिमोग्लोबिन पाहणे ही पहिली पायरी. सोबत साखर, रक्तदाब, मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या. हिपॅटायटिस बी ची तपासणी केमोआधी व्हायलाच हवी. हा विषाणू शरीरात सुप्त असेल तर केमोने उसळू शकतो. केमोतील काही औषधे आणि हर-टू साठीचे इंजेक्शन हृदयावर ताण आणतात, म्हणून टू-डी इको करतात.

आपल्या जिल्ह्यापुरत्या दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. पहिली सिकलसेल. विदर्भात हा आजार अनेक समाजांत आहे. घरात कुणाला असेल, किंवा लहानपणापासून सांधे दुखत असतील, तर सांगा आणि तपासून घ्या. सिकलसेलचे कार्ड असेल तर फाइलमध्ये सर्वांत वर लावा. सिकलसेलच्या रुग्णाला भूल देताना वेगळी काळजी लागते. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी जे इंजेक्शन सर्रास दिले जाते, ते अशा रुग्णात गंभीर त्रास घडवू शकते. नुसत्या वाहकाला सहसा असा धोका नसतो, पण आपण रुग्ण आहोत की वाहक हे आधी कळायला हवे.

दुसरी गोष्ट खर्रा. पुरुषांइतका नसला तरी बायकांमध्येही तो आहे, आणि मिश्रीही आहे. वर्षानुवर्षे खर्रा खाऊन तोंड पुरते उघडत नसेल, तर भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड होते. ऑपरेशनच्या टेबलावर हे लक्षात येण्यापेक्षा आधी कळलेले बरे. आपली दोन बोटे उभी तोंडात जात नसतील तर भूलतज्ज्ञांना सांगा. खर्रा आजच थांबवा. जखम भरायला आणि केमोत तोंड येऊ नये म्हणूनही ते गरजेचे आहे. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या यांवरचे उपचार केमो सुरू होण्याआधी करून घ्या.

खाण्यात पथ्याच्या नावाखाली उपासमार नको. तुरीचे वरण, अंडी, दूध, शेंगदाणे, हरभरा, चालत असेल तर मासे-मटण, असे प्रथिनांचे जेवण दोन्ही वेळा हवे. उपवास या काळात सोडावेत. गोड खाल्ल्याने गाठ वाढते, हे खरे नाही. पण मधुमेह असेल तर साखर ताब्यात हवी. जडीबुटी किंवा दुसरे कुठले औषध चालू असेल तर लपवू नका. रागावण्यासाठी आम्ही विचारत नाही. काही औषधांनी यकृतावर ताण येतो आणि मग केमो पुढे ढकलावा लागतो.

पाळी सुरू असलेल्या स्त्रीने गरोदर नाही ना, हे तपासून घ्यावे. गर्भनिरोधक गोळ्या बंद कराव्यात, तांबी चालते. पुढे मूल हवे असेल तर ते केमोच्या आधी बोलायचे असते, नंतर नाही. चाळिशीच्या आत निदान झाले असेल किंवा आई, बहीण, मावशी यांना स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर जनुकीय तपासणीबद्दल विचारा. ऑपरेशननंतर खांदा आखडू नये म्हणून करायचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्या. दुखत असताना शिकणे जड जाते.

कागदांची तयारी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र आहेत. २०२३ च्या निर्णयानुसार राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. आधी पिवळे व केशरी रेशनकार्डधारक आणि शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील पांढऱ्या कार्डाचे शेतकरी पात्र होते, ज्यात यवतमाळ आहेच. म्हणजे ‘आमचे कार्ड पांढरे, आम्हाला मिळत नाही’ म्हणून घरी बसू नका.

अडते ते वेगळ्याच ठिकाणी. आधार आणि रेशनकार्डावरचे नाव जुळत नाही. एकावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे. जन्मवर्षात फरक. कार्ड ऑनलाइन झालेले नाही. ही दुरुस्ती तहसील कार्यालयात पहिल्याच आठवड्यात करून घ्या, कारण पूर्वमंजुरी त्यावरच थांबते. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. पैसे भरण्याआधी त्यांना भेटा. आधी भरलेले पैसे नंतर परत मिळतील असे गृहीत धरू नका. मदत क्रमांक १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० हे आहेत.

प्रवासाचेही आधी बघा. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सूट आहेच. उपचारासाठी मुंबईला जावे लागले आणि धामणगाव, बडनेरा किंवा वर्ध्याहून गाडी धरली, तर कॅन्सर रुग्णाला शयनयान वर्गात रेल्वेचे भाडे माफ आहे आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. गरीब कुटुंबातील कॅन्सर रुग्णाला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही अर्ज करता येतो.

प्रत्येक कागदाच्या तीन छायाप्रती काढा. एक फाइल करा, तारखेप्रमाणे लावा आणि तिची जबाबदारी घरातल्या एकाच माणसाकडे द्या.

केमोचा हंगाम आणि कापसाचा हंगाम

उपचार किती दिवस चालतील, हे पहिल्याच भेटीत विचारा आणि कॅलेंडरवर लिहा. सर्वसाधारणपणे केमो दर २१ दिवसांनी, सहा ते आठ वेळा. मग ऑपरेशन, किंवा आधी ऑपरेशन आणि मग केमो. त्यानंतर रेडिओथेरपी, ज्याला आपले रुग्ण ‘शेक’ म्हणतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आठ केमोंचा उपचार सुरू झाला तर शेवटचा केमो मार्चअखेर येतो, ऑपरेशन एप्रिलमध्ये आणि शेक मे-जूनच्या सुमारास. हर-टू असेल तर इंजेक्शन वर्षभर. म्हणजे वेचणीचा सगळा हंगाम पहिल्या केमोंमध्येच जातो. वेचणी बायकांच्या हातावर चालते. तिची मजुरी बुडणार आहे, घरचा कापूस दुसऱ्याकडून वेचून घ्यावा लागणार आहे, हे आजच धरून चाला. न धरल्यास तिसऱ्या केमोच्या दिवशी ती शेतात असते.

केमोसाठी दर वेळी नागपूरला जायची गरज असतेच असे नाही. उपचाराचा आराखडा मोठ्या केंद्रात ठरवून केमो जवळच्या ठिकाणी देता येतो. डे-केअर केंद्राचा खरा उपयोग हाच. रेडिओथेरपीला मात्र यंत्र लागते. सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर येथे ती घेताना राहायची सोय पाहावी लागते. पूर्वी ही पाच-सहा आठवडे चालत असे. आता बहुतेक रुग्णांना तीन आठवडे पुरतात, आणि काही निवडक रुग्णांना एका आठवड्यातही देता येते, असे २०२० मधील ब्रिटनच्या चाचणीत दिसले. आपल्याला कमी दिवसांचा उपचार चालेल का, हे जरूर विचारा.

महाग म्हणजेच चांगले असेही नाही. टाटा स्मारकच्या पुढाकाराने देशातील केंद्रांत १,५८३ महिलांवर चाचणी झाली. ऑपरेशनपूर्वी गाठीभोवती भूल देण्याचे साधे, स्वस्त इंजेक्शन टोचल्यावर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. २०२३ मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले. शल्यचिकित्सकांशी यावर बोलायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र पाठ करा. घरात थर्मामीटर ठेवा. केमो सुरू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नका, मेडिकलमधून गोळी आणून झोपू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना आलेला ताप काही तासांत जीवावर बेतू शकतो. उमरखेड किंवा झरी-जामणीच्या एखाद्या गावातून रात्री कोणत्या गाडीने, कोणत्या रुग्णालयात जायचे, हे आधी ठरलेले असावे. १०८ चा क्रमांक आणि केमोचा कागद हाताशी असावा. ड्यूटीवरच्या डॉक्टरला तो कागद आधी दाखवा.

तिला सांगा

‘डॉक्टर, तिला सांगू नका, ती खचेल,’ असे नवरा, मुलगा, भाऊ सांगतात. पण दर २१ दिवसांनी सलाईन तिलाच लागणार आहे, केस तिचे जाणार आहेत, सही तिची हवी आहे. कशासाठी सहन करायचे हे माहीत नसलेली बाई मधेच थांबते. आजाराचे नाव, टप्पा, बरे होण्याची शक्यता आणि उपचारांचे दिवस तिला तिच्या भाषेत सांगावेत. कोलामी किंवा गोंडी बोलणारी असेल तर सोबत समजावणारे माणूस हवे. केस परत येतात, हेही सांगावे.

नव्या केंद्राकडून काय मागावे

आता पुन्हा धोरणाकडे. यवतमाळला केंद्र होईल तेव्हा खाटा आणि यंत्रे मोजली जातील. त्यासोबत तीन आकडे दर तिमाहीला जाहीर व्हावेत : गाठ दाखवल्यापासून निदानाला किती दिवस लागले, निदानापासून पहिल्या उपचाराला किती दिवस लागले आणि सुरू केलेल्यांपैकी किती जणींनी उपचार पूर्ण केले. केमोची तारीख चुकवणाऱ्या बाईच्या घरी दुसऱ्याच दिवशी फोन जावा, आणि गरज पडल्यास आशाताई जाव्यात, यासाठी केंद्रात एक समन्वयक असावा. बायोप्सीचे तीन निकाल जिल्ह्यातच मिळावेत. यापैकी एकाही गोष्टीला फार मोठी इमारत लागत नाही. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात ८० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठायचे असेल, तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.

तोपर्यंत, रिपोर्ट हाती आलेल्या घराने आज एक वही घ्यावी. पहिल्या पानावर रिपोर्टची तारीख लिहावी आणि त्याखाली उपचार सुरू करण्याची तारीख. दोन्हींमध्ये चार आठवड्यांपेक्षा जास्त अंतर दिसले, तर कारण काहीही असो, डॉक्टरांना जाऊन विचारावे.